औषधाचं नाव नको, वेळ सांगा

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ब्राउन्सव्हिल नावाचं शहर आहे. तिथले पशुवैद्यक रोनाल्ड हाइन्स तब्येतीमुळे दवाखान्यातून निवृत्त झाले आणि 2002 पासून इंटरनेटवर प्राण्यांच्या आजारांबद्दल लिहू लागले. वाचणाऱ्यांचे प्रश्न येत गेले, हाइन्स उत्तरं देत गेले. पुढे त्यांनी 58 डॉलर फी ठेवली. ज्याला परवडत नसे त्याच्याकडून तीही घेत नसत. औषध लिहून देत नसत. तरीही राज्याच्या पशुवैद्यक मंडळाने 2013 मध्ये त्यांना 500 डॉलर दंड केला, वर्षभर परवान्यावर निगराणी ठेवली आणि कायद्याची परीक्षा पुन्हा द्यायला लावली. प्राणी प्रत्यक्ष न तपासता सल्ला दिला, हा गुन्हा. त्या सल्ल्याने एखाद्या जनावराला इजा झाली असा आरोप कोणी केलेला नव्हता. हाइन्स कोर्टात गेले, 2015 मध्ये हरले, कायद्याचा अर्थ बदलल्यावर पुन्हा गेले, आणि सप्टेंबर 2024 मध्ये अपिली न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. ई-मेलमधून दिलेला सल्ला हे बोलणंच आहे आणि सरकारने ते असं बंद करायचं नाही, असा त्या निकालाचा अर्थ.

निकाल मला मनापासून पटला. पण पशुवैद्यकाला बोलू द्यावं एवढंच न्यायालय ठरवू शकतं. बोलायचं काय आणि कुठे थांबायचं, हे आमच्या व्यवसायाने ठरवायचं आहे. महाराष्ट्रात हा प्रश्न कुठल्याही खटल्याशिवाय रोज आमच्या फोनमध्ये येऊन पडतो. माझा दवाखाना तालुक्याच्या गावी आहे, सकाळ गाईम्हशींची आणि संध्याकाळ कुत्र्यामांजरांची. रात्री दहानंतर व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या प्रश्नांचा सूर जवळजवळ सारखा असतो: "डॉक्टर, काय देऊ?"

या प्रश्नाला आमच्यातले लोक दोन प्रकारे सामोरे जातात. काही जण "तपासल्याशिवाय काही सांगता येत नाही, घेऊन या" एवढं लिहून फोन बाजूला ठेवतात. काही जण गोळीचं नाव आणि मात्रा टाइप करून मोकळे होतात. मला दोन्ही चूक वाटतं. दूरवरून विचारलेल्या प्रश्नाला पशुवैद्यकाने उत्तर दिलंच पाहिजे, आणि ते औषधाचं नसून वेळेचं असलं पाहिजे: हा प्राणी आत्ता, या क्षणी डॉक्टरकडे न्यायचा आहे की उद्या सकाळी की या आठवड्यात, आणि तोवर त्याला काय द्यायचं नाही.

गप्प राहण्याने काय होतं ते आधी पाहू. मालकाचा प्रश्न डॉक्टरने उत्तर दिलं नाही म्हणून मिटत नाही. तो मेडिकलवाल्याकडे जातो, पिल्लू विकणाऱ्याकडे जातो, सोसायटीच्या ग्रुपवर जातो, एखाद्या व्हिडिओखाली जातो. तिथे उत्तर हमखास मिळतं आणि त्यात गोळीचं नाव असतंच. सगळ्यात जास्त वेळा येतं ते तापाचं प्रकरण. कुत्र्याचं किंवा मांजराचं अंग हाताला गरम लागतं. लागणारच, कारण त्यांचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं आणि आपल्या डोक्यात 98.6 पक्कं बसलेलं असतं. थर्मामीटर लावला आणि 102 दिसलं की घरात घबराट होते. मग घरातच असलेली पॅरासिटामॉलची गोळी आठवते. लहान मुलांना देतात, मग मांजराला का नाही?

मांजराच्या यकृतात हे औषध निकामी करायची यंत्रणा फार तोकडी असते. आपल्या 500 मिलिग्रॅमच्या गोळीतली अर्धी गोळीही चार किलोच्या मांजराचा जीव घ्यायला पुरते. काही तासांत हिरड्या गुलाबीच्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पाय सुजतात, दम लागतो. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. असं मांजर टेबलावर आलेलं ज्याने पाहिलंय तो "घेऊन या" एवढंच लिहून झोपू शकत नाही. कारण ज्याला मुळात ताप नव्हता, त्या मांजराचा जीव "102 म्हणजे ताप नव्हे, पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका" या एका ओळीने वाचला असता. ती ओळ लिहायला प्राणी तपासावा लागत नाही. पशुवैद्यकाचं शिक्षण लागतं, आणि ते मेडिकलवाल्याकडे नाही.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. मेसेज असा येतो: "सर, बोक्याला दोन दिवस संडास होत नाहीये. सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो. एरंडेल देऊ का?" वाचणारा पशुवैद्यक असेल तर त्याच्या मनात पहिली शंका बद्धकोष्ठाची येत नाही. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. खड्यांनी किंवा चिकट स्रावाने तो बुजला की लघवी तुंबते, आणि तेव्हा बोका नेमका असाच बसतो. लघवी पूर्ण तुंबली तर रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडतं. इथे उलट एकच प्रश्न विचारायचा: "ट्रेमधली माती ओली आहे का? शेवटची लघवी कधी पाहिली?" उत्तर "कोरडी आहे" असं आलं की पुढचं वाक्य ठरलेलं: एरंडेल देऊ नका, पोट दाबून पाहू नका, सकाळची वाट पाहू नका, आत्ता निघा. या संवादात कोणतंही निदान झालेलं नाही. लघवी खरंच तुंबली आहे की मूत्राशयाला सूज आहे, हे हात लावल्याशिवाय मीही सांगणार नाही. पण सकाळपर्यंत थांबायचं की नाही, हे दोन ओळींत ठरलं आणि ते ठरण्यावरच सगळं होतं.

आमच्या व्यवसायातला सावध वर्ग म्हणतो की प्राणी बोलत नाही, म्हणून हात लावून तपासणं हाच आमचा आधार. तो सोडून उत्तर देणं म्हणजे अंदाजपंचे. निदानापुरतं त्यांचं म्हणणं खरं आहे. पण प्राणी दवाखान्यातही बोलत नाही. तिथेही आम्ही अर्धी गोष्ट मालकाच्या तोंडूनच काढतो, आणि ती नीट काढणं हे कसब फोनवरही तितकंच चालतं. "सुस्त आहे" या शब्दाला काही अर्थ नाही. बोलावल्यावर उठतो का, आवडीचा घास पुढे केला तर मान वळवतो का, याला अर्थ आहे. "उलट्या होतायत" म्हटलं तर किती, अन्नाच्या की नुसत्या फेसाच्या, पाणी टिकतंय का, हे विचारायचं. मोठ्या छातीचं कुत्रं, जर्मन शेफर्ड किंवा ग्रेट डेन, सारखी ओकारी काढतंय पण बाहेर काहीच पडत नाहीये आणि पोट फुगत चाललंय असं कळलं, तर पुढचा प्रश्न विचारण्यातही वेळ घालवायचा नाही. जठराला पीळ पडला असण्याची शक्यता आहे आणि हाताशी थोडेच तास आहेत. नसबंदी न झालेली मादी, माज येऊन गेल्याला महिना-दीड महिना झालाय, पाणी भरपूर पितेय आणि जेवत नाहीये, असं असेल तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी पाठवायचं.

व्हिडिओ तर आता सगळ्यांकडे आहे. पण मालक आपणहून पाठवतो तो व्हिडिओ बहुतेक वेळा निरुपयोगी असतो: कुत्रं कोपऱ्यात झोपलंय, मागे टीव्ही चालू, मालक नावाने हाका मारतोय. त्याला नेमकं सांगावं लागतं. खिडकीपाशी उजेडात न्या, वरचा ओठ उचला, हिरडी दाखवा. हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतोय का ते मला दिसू दे. मग तो झोपलेला असताना बरगड्यांवर कॅमेरा धरून पूर्ण एक मिनिट हलू नका. शांत झोपलेल्या कुत्र्याचे किंवा मांजराचे श्वास मिनिटाला तिसाच्या आत असायला हवेत. चाळीसच्या वर जात असतील तर सकाळची वाट पाहायची नाही. हे मालकाला एकदा शिकवलं की पुढच्या वेळी तो स्वतः मोजूनच फोन करतो. घाबरलेल्या माणसाच्या हातालाही काम मिळतं, आणि मला वाटतं त्याची भीती निम्मी तिथेच उतरते.

आता जे दुरून सांगायचं नाही त्याबद्दल. त्वचेचे फोटो सगळ्यात जास्त येतात आणि सगळ्यात जास्त फसवतात. गजकर्ण, खरूज आणि अॅलर्जी यांचे केस गेलेले गोल चट्टे फोटोत सारखेच दिसतात. खरवडून काढलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की फरक कळतो. फोटो पाहून स्टेरॉइड मिसळलेलं मलम सुचवलं आणि ते गजकर्ण निघालं, तर आठवडाभर बरं वाटून मग अंगभर पसरतं, शिवाय घरातल्या लहान मुलाच्या हातावर उमटतं. गोचीड तापाचंही तेच. कुत्रं मलूल, हिरड्या फिक्या, नाकातून रक्त. आपल्या हवेत हा आजार इतका दिसतो की डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाचं नाव आता मालकांनाच पाठ झालंय. पण त्या वेळी रक्तातल्या पेशी किती उतरल्यात आणि गोचिडीने आणखी कोणता जंतू सोडलाय, हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही, आणि दुसरा जंतू असेल तर औषधही दुसरं लागतं.

मात्रेचा घोटाळा तर साध्या हिशेबात होतो. जंतासाठी आणि गोचिडीसाठी गाईला टोचायचं आयव्हरमेक्टिन 50 किलो वजनाला 1 मिली या प्रमाणात द्यायचं असतं. ज्याच्याकडे गोठा आहे त्याच्याकडे ती बाटली असते. पाच किलोच्या पिल्लाला त्या हिशेबाने एक दशांश मिली येतं, पण सिरिंजमध्ये तेवढं ओढणं अवघड, म्हणून "अंदाजे अर्धा मिली" टोचलं जातं. पाचपट मात्रा झाली. कॉलीसारख्या कुत्र्यांच्या जातींत तर जनुकातल्या दोषामुळे हे औषध मेंदूत शिरतं आणि मोठ्या मात्रेला कुत्रं लटपटत कोसळतं. "आयव्हरमेक्टिन चालेल" एवढे दोन शब्द लिहिणाऱ्या डॉक्टरला ही सिरिंज दिसत नसते. म्हणून ते दोन शब्द लिहायचेच नाहीत.

औषधाचं नाव तोंडोतोंडी पसरतं तेव्हा त्याची झळ कुठपर्यंत जाते, हे आपल्या देशाने पाहिलेलं आहे. लंगडणाऱ्या, दुखणाऱ्या गुरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक देणं इतकं सरसकट झालं होतं की मेलेल्या गुरांचं मांस खाणारी गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या 1992 ते 2007 या काळात 99.9 टक्क्यांनी घटली. जनावरांसाठी या औषधावर 2006 मध्ये बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनची बाटली 3 मिलीपुरती मर्यादित करावी लागली. गिधाडांना सुरक्षित असलेलं दुसरं वेदनाशामक, मेलॉक्सिकॅम, हाताशी होतं. पण एकदा लोकांच्या तोंडात बसलेलं नाव काढायला कायदा दोनदा बदलावा लागला.

एक प्रश्न असा आहे जिथे वेळेचं उत्तर देताना कसलाही संकोच नको, आणि तो प्राण्याचा नाहीच. "डॉक्टर, गल्लीतल्या पिल्लाने मुलाला ओरबाडलं, दात थोडासाच लागला. पिल्लू लहान आहे, इंजेक्शन घ्यावं लागेल का?" आमच्यातले काही जण म्हणतात, माणसांबद्दल आपण बोलायचं नाही. इथे मात्र बोलायचंच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. चुना, हळद, तिखट काहीही लावू नका. आजच सरकारी रुग्णालयात जा आणि लस सुरू करा. पुढचं तिथले डॉक्टर ठरवतील. पिल्लू लहान असणं ही हमी नव्हे. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि वेळेवर घेतलेल्या लसीने जवळपास नेहमीच वाचतो. खेड्यात पशुवैद्यकाचा नंबर अनेकांकडे असतो, माणसांच्या डॉक्टरचा असतोच असं नाही. पहिला फोन आपल्याला आला तर ती आपली जबाबदारी.

आणखी एक अवघड जागा आहे, ती म्हणजे दुसऱ्या डॉक्टरच्या रुग्णाबद्दल विचारणं. मालक अर्धवट रिपोर्टचा फोटो टाकतो आणि विचारतो, "आमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं का?" ज्याने त्या प्राण्याच्या पोटाला हात लावलाय त्याच्या विरोधात, एका धूसर फोटोवरून मत देणं अन्यायाचं आहे. पण हात झटकणंही बरोबर नाही. मालकाला सगळे कागद मागून घ्यायला सांगावं; ते कागद त्याला मिळायला हवेत. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन म्हणजे काय, तो आकडा वाढला तर काय शंका घेतात, हे समजावून सांगावं. आणि डॉक्टरला विचारायचे प्रश्न त्याला लिहून द्यावेत: सोनोग्राफीने काही वेगळं कळेल का, पुन्हा रक्त कधी तपासायचं, काय दिसलं तर लगेच यायचं. यातून त्या मालकाचं त्याच्या डॉक्टरशी बोलणं सुधारतं. म्हाताऱ्या, खंगलेल्या कुत्र्याला "आता झोपवायचं का", म्हणजे इंजेक्शनने शांत मरण द्यायचं का, हा प्रश्न येतो तेव्हाही मी हेच करतो. निर्णय त्याच्या घरातला आणि त्याच्या डॉक्टरचा. मी एवढंच विचारतो की तो स्वतः उठून पाणी प्यायला जातो का, रात्री शांत झोपतो का, आणि गेल्या आठवड्यात बरे दिवस जास्त होते की वाईट. आणि जेवढा वेळ त्या माणसाला बोलायचंय तेवढा वेळ ऐकतो.

हे सगळं फुकटात आणि अपरात्री करायचं का? नाही. टीका करणाऱ्यांचा हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. हाइन्स फी घेत होते यात काही गैर नव्हतं. सल्ल्याला ठरावीक, आधी सांगितलेली फी असावी, ठरलेल्या वेळा असाव्यात, आणि त्या वेळेबाहेर कुठे जायचं ते दवाखान्याच्या दारावर आणि फोनच्या उत्तरात लिहिलेलं असावं. गुरांसाठी 1962 हा सरकारी मदतीचा फोन क्रमांक आहे, फिरती पथकं आहेत. शेतकऱ्याला तो क्रमांक माहीत असणं फार मोलाचं आहे. कुत्र्यामांजरांच्या मालकांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, एवढी साधी यादीसुद्धा पशुवैद्यकांच्या संघटनांनी मिळून काढली तर किती धावपळ वाचेल. रस्त्यावरची कुत्री सांभाळणाऱ्या बायका तर कायम रिक्षावाल्यांच्या नकाराशी झगडत असतात. त्यांना "आत्ताच" आणि "उद्या चालेल" यातला फरक कळणं म्हणजे एक फेरी, शे-दोनशे रुपये आणि कधी एक जीव.

नियमांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम 1984 नुसार उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. तो तसाच राहिला पाहिजे आणि औषध लिहून देण्यावर त्याची पकड घट्टच हवी. पण माहिती देणं, घाई आहे की नाही ते सांगणं, विषारी गोष्टीपासून सावध करणं याला त्या पकडीची भीती असता कामा नये. माणसांच्या डॉक्टरांसाठी मार्च 2020 मध्ये, टाळेबंदी लागली त्याच दिवसांत, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं निघाली. कोणती औषधं कुठल्याही माध्यमातून सांगता येतील, कोणती व्हिडिओवर रुग्ण पाहूनच, कोणती फक्त आधी तपासलेल्या रुग्णाला आणि कोणती अजिबात नाही, याच्या याद्या त्यात आहेत. डॉक्टरने संदेशातही आपला नोंदणी क्रमांक द्यावा असं त्यात सांगितलंय. तितक्याच नेमक्या याद्या प्रत्येक पशुवैद्यकाच्या टेबलावर असायला हव्यात, जातीनिहाय: मांजराला काय कधीच नाही, दुभत्या गाईला काय प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय नाही, कारण तिथे औषधाचा अंश दुधातून दुसऱ्याच्या घरात जातो. नोंदणी क्रमांकाची सक्ती तर लगेच सुरू करता येईल. सल्ला देणारा खरंच पशुवैद्यक आहे की पिल्लं विकणारा, हे मालकाला पहिल्या ओळीतच दिसेल.

माझी शेवटची मागणी महाविद्यालयांकडे आहे. पशुवैद्यकाचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशा महाविद्यालयांत ही मुलं गोठ्यात जातात, शस्त्रक्रियेला उभी राहतात, लसीकरणाच्या शिबिरांना जातात. त्या वर्षात काही आठवडे त्यांना अनुभवी शिक्षकाशेजारी फोनवर बसवावं. "सुस्त आहे" असं म्हणणाऱ्या मालकाकडून हिरडीचा रंग कसा काढायचा, घाबरलेल्या माणसाला श्वास मोजायला कसं लावायचं, आणि ज्या प्राण्याला गुलाबी हिरड्या आहेत, जो खातोय, पाणी पितोय, त्याच्या मालकाला "उद्या सकाळी नऊला या, आज रात्री काहीही देऊ नका" हे ठामपणे कसं सांगायचं, ते तिथे शिकवता येईल. त्यासाठी लागणारं सामान म्हणजे एक फोन, एक नोंदवही आणि कामाच्या वेळा ठरवून दिलेला एक शिक्षक.